नवी सिस्टीम टाकली, तरी पीसी ढिम्मच? पडवीतल्या डेस्कटॉपला वेग आणायची रीत

तुळशीचं लग्न अजून व्हायचं होतं, तेवढ्यात मामाचा फोन आला. "मेल्या, नवीन काय ता घातलंस आणि ह्यां तर पयल्यापेक्षा ढिम्म झालां!"

मामाचं मालवणजवळ चार खोल्यांचं न्याहारी-निवास आहे. पडवीच्या कोपऱ्यात २०१४ साली घेतलेला डेस्कटॉप आहे: चौथ्या पिढीचा कोअर आय-थ्री, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. पाहुण्यांच्या नोंदी, बिलं, मेल आणि दुपारची जेवणं आटपली की यूट्यूबवर दशावतार, एवढंच त्याचं काम. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा संपला. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, म्हणजे या मशीनला तो रस्ता बंद. म्हणून दिवाळीत विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही मोफत सिस्टीम, तिची एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती टाकली, "हलकी आहे, पळेल" असं छातीठोक सांगितलं आणि पुण्याला परतलो. पुढच्या आठ दिवसांत हा फोन.

पुढच्याच शनिवारी परत गेलो आणि दोन दिवस ते मशीन उघडून बसलो. दोष निघाले त्यातल्या निम्म्यांचा नव्या सिस्टीमशी काडीचा संबंध नव्हता. जुनी विंडोज वर्षानुवर्षं हळूहळू मंदावत गेली, त्याची सवय झाली होती. नवीन काही टाकलं की माणूस घड्याळ लावून बघतो, आणि मग आधीचेच आजार डोळ्यांत येतात. खाली दिलेला क्रम मिंटसाठी आहेच, पण विंडोज ११ वर गेलेल्यांनाही बहुतेक जसाच्या तसा चालेल. काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करायची गरज पडणार नाही, माऊसने होतं तेवढंच सांगतोय.

पहिले दोन दिवस मत बनवू नका

नवी सिस्टीम बसली की ती मागे बरीच कामं उरकत असते. मिंटमध्ये अपडेट मॅनेजर शेकड्याने अपडेट उतरवतो. विंडोजमध्ये सर्चची अनुक्रमणिका तयार होते, डिफेंडर सगळी डिस्क तपासतो, वनड्राइव्ह फायली वर चढवायला लागतो. ब्राउझर जुन्या खात्यातले बुकमार्क खेचतो. हे संपेपर्यंत मशीन जड वाटणारच. सगळे अपडेट एकदाचे पूर्ण करा, दोनदा रिस्टार्ट करा, मग बोला.

मिंटवाल्यांसाठी एक छोटी गोष्ट: अपडेट फारच रेंगाळत असतील तर सॉफ्टवेअर सोर्सेसमध्ये जाऊन मिरर, म्हणजे अपडेट जिथून उतरतात तो सर्व्हर, बदला. तिथे कुठला सर्व्हर किती वेगाने देतोय ते आकड्यात दिसतं, त्यातला वरचा निवडा. आणि पुढचं काही करण्याआधी टाइमशिफ्ट उघडून एक स्नॅपशॉट घ्या. टाइमशिफ्ट सिस्टीमची प्रत ठेवतं, तुमच्या फोटो-बिलांची नाही. त्यांची प्रत वेगळ्या पेनड्राइव्हवर काढा. हे आज करा, उद्यावर ढकलू नका. कारण पुढे कळेल.

मशीन कोणासाठी थांबलंय?

संथ मशीन म्हणजे कोणाची तरी वाट बघणारं मशीन. वाट चौघांपैकी एकाची असते: डिस्क, रॅम, प्रोसेसर किंवा उष्णता. कोणाची, हे न बघता सेटिंग बदलत सुटणं म्हणजे ताप न मोजता गोळ्या देणं.

विंडोजमध्ये कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबलं की टास्क मॅनेजर येतो. परफॉर्मन्सच्या पानावर बघा: डिस्क १०० टक्क्यांवर आणि सीपीयू १०-१५ वर असेल तर गुन्हेगार डिस्क. मेमरी ९० टक्क्यांच्या वर चिकटून असेल तर रॅम. सीपीयूच सतत १०० वर असेल तर खालच्या यादीत कोणता प्रोग्राम खातोय ते दिसतं.

मिंटमध्ये सिस्टीम मॉनिटर उघडा. मेमरीखाली 'स्वॅप' नावाची दुसरी रेघ दिसते. रॅम पुरेनाशी झाली की सिस्टीम डिस्कचा तुकडा रॅमसारखा वापरते, तो हा स्वॅप. तो शेकडो एमबीत भरलेला असेल तर रॅम कमी पडतेय. डिस्कसाठी मात्र सगळ्यात साधं मीटर कॅबिनेटवरच आहे, तो छोटा लाल दिवा. काहीही उघडताना तो न लुकलुकता एकसारखा जळत राहिला आणि प्रोसेसरची रेघ खालीच असली, तर दुसरं काही शोधायची गरज नाही. मामाकडे दिवा समईसारखा जळत होता.

आता मोबाईलचं स्टॉपवॉच घ्या. बटण दाबल्यापासून ब्राउझरमध्ये मेल दिसेपर्यंत किती वेळ लागतो तो मोजा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरच्या कोपऱ्यात लिहा. मामाच्या मशीनला ३ मिनिटं ४० सेकंद लागले. यापुढे एका वेळी एकच बदल करायचा आणि पुन्हा मोजायचं. पाच गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने गुण आला ते कळत नाही, आणि बिघडलं तर कशाने बिघडलं तेही नाही.

कॅबिनेट उघडा

घाटावरच्या मार्गदर्शकांत ही पायरी शेवटी असते. आपल्याकडे ती वर हवी.

कारण आहे मीठ. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात बारीक मिठाचे कण असतात, ते धुळीबरोबर कॅबिनेटमधल्या मुख्य बोर्डावर बसतात. हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास पोचली की मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं. पावसाळ्यात बरणीतलं मीठ ओलं होतं, तेच बोर्डावरही होतं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत किनाऱ्यावर आर्द्रता बहुतेक वेळ या रेषेच्या वरच असते. म्हणजे चार महिने तुमच्या बोर्डावर खाऱ्या पाण्याचा पातळ थर बसलेला असतो, आणि खारं पाणी वीज वाहून नेतं, धातूही खातं. रॅमचे आणि केबलचे संपर्कबिंदू काळवंडतात. मशीन बंद पडत नाही, पण अडखळतं, मध्येच गोठतं, आपोआप रिस्टार्ट होतं. दोष मात्र नव्या सिस्टीमच्या माथी बसतो.

तर प्लग काढा. नुसतं बटण बंद नाही, वायरच काढा. मग पॉवरचं बटण १० सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलेला करंट उतरेल. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज सोडा आणि बाजूचं झाकण उघडा.

आधी नुसतं बघा. मामाच्या डब्यात पालीची तीन अंडी, मुंग्यांची रांग आणि प्रोसेसरच्या पंख्यावर गोधडीसारखी धूळ होती. मऊ कोरड्या ब्रशने धूळ काढा. ब्लोअर मारायचा असेल तर पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर ते गरागरा फिरून बेअरिंग जातं. रॅमच्या दोन्ही बाजूच्या खिट्ट्या उघडून पट्टी काढा आणि तिच्या सोनेरी दातांवरून पांढरा, स्वच्छ खोडरबर हलक्या हाताने फिरवा. चुरा ब्रशने झटका. काळेपणा जास्त असेल तर कापसावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. सॅनिटायझर चालणार नाही, त्यात पाणी आणि इतर गोष्टी असतात. पट्टी परत बसवताना दोन्ही खिट्ट्या 'टक्' करून आपोआप बंद व्हायला हव्यात.

डिस्कला बोर्डाशी जोडणारी साटा केबल दोन्ही टोकांनी काढून परत घट्ट बसवा. शक्य असेल तर नवीनच घाला, शंभर-दीडशेत येते. वीजपुरवठ्याचा डबा, म्हणजे एसएमपीएस, मात्र स्वतः उघडू नका. त्यात प्लग काढल्यावरही जीव घेईल एवढा करंट साठलेला असू शकतो. बोर्डावरचे छोटे नळकांडीसारखे कपॅसिटर डोक्याला फुगलेले दिसले तर दुरुस्तीवाल्याला दाखवा, तिथे आपलं काम संपलं.

प्रोसेसरची उष्णता वरच्या पंख्याकडे नेणारी थर्मल पेस्ट दहा वर्षांनी वाळून खडूसारखी झालेली असते. जुनी पुसून तांदळाच्या दोन दाण्यांएवढी नवीन घाला, जास्त नको. तापमान बघायला एक्सएफसीईच्या पॅनेलवर सेन्सरचं प्लगिन लावता येतं, विंडोजमध्ये एचडब्ल्यू-इन्फो आहे. बसल्या बसल्या ३५ ते ४५ अंश आणि कामात ७०-७५ पर्यंत ठीक. १०० च्या जवळ गेलं की इंटेलचा प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी मुद्दाम हळू होतो. मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली मशीन असेल तर दुपारचा संथपणा यातूनच येतो.

जाता जाता बोर्डावरची नाण्याएवढी बॅटरी, सीआर २०३२, बदला. ती मेली की दर वेळी घड्याळ जुन्या तारखेला जातं, आणि तारीख चुकीची असली की ब्राउझर बँकेच्या काय, मेलच्याही साईट उघडायला नकार देतो. माणसाला वाटतं इंटरनेट संथ आहे. विंडोज आणि मिंट दोन्ही एकाच मशीनवर ठेवले असतील आणि घड्याळ बरोबर साडेपाच तासांनी सरकत असेल, तर बॅटरी निर्दोष आहे. एक सिस्टीम बोर्डावरचं घड्याळ भारतीय वेळेत धरते, दुसरी ग्रीनिचच्या, एवढाच तो घोळ.

या साफसफाईनंतर मामाचं मशीन ३ मिनिटं १० सेकंदांवर आलं, आणि मध्येच गोठायचं थांबलं. दिवा मात्र तसाच जळत होता.

डिस्कची नाडी

मिंटमध्ये 'डिस्क्स' नावाचा प्रोग्राम आधीपासून असतो. त्यात डावीकडे डिस्क निवडा आणि वरच्या मेन्यूत 'स्मार्ट डेटा' उघडा. विंडोजवर क्रिस्टल-डिस्क-इन्फो हे काम करतं. लांबलचक तक्ता येईल, त्यातल्या चारच ओळी बघायच्या.

क्रमांक ५ म्हणजे खराब झाल्यामुळे डिस्कने बदलून टाकलेल्या जागा. १९७ म्हणजे वाचता न आल्यामुळे संशयात असलेल्या जागा. १९८ म्हणजे तपासणीतही न वाचता आलेल्या. या तिन्हींत शून्य असायला हवं. शून्य नसेल, आणि विशेषतः आकडा वाढत असेल, तर डिस्क निघायच्या तयारीत आहे. अशी डिस्क एकेक जागा पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करत राहते, म्हणून सगळं मशीन खोळंबतं. आधी प्रत काढायला सांगितली होती ती यासाठीच.

चौथी ओळ १९९. हा डिस्कचा दोष नव्हे, केबलमधून जाताना बिघडलेल्या माहितीचा हिशेब आहे. गंजलेली किंवा सैल केबल असली की हा वाढतो. केबल बदलली तरी जुना आकडा खाली येत नाही, तेव्हा घाबरू नका. आजचा आकडा लिहून ठेवा आणि आठवड्याने वाढलाय का तेवढं बघा. मामाकडे १९९ तीन आकड्यांत होता आणि १९७ मध्ये ८. केबल बदलून पहिला थांबला. दुसऱ्यावर इलाज एकच.

एसएसडी

हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे चिपवर माहिती ठेवणारी डिस्क, घातली की खरा फरक पडतो, त्यामुळे दुसऱ्या कशावर पैसे घालवण्याआधी हे वाचा.

हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ७,२०० वेळा फिरते, म्हणजे एका फेरीला ८ मिलिसेकंदांपेक्षा थोडा जास्त वेळ. हवी ती जागा वाचणाऱ्या मुंडीखाली यायला सरासरी अर्धी फेरी, वर मुंडी सरकायला ८-९ मिलिसेकंद. सेकंदाला जेमतेम ८० ठिकाणं वाचून होतात. सिस्टीम चालू होताना हजारो छोट्या फायली लागतात, आणि त्या डिस्कभर विखुरलेल्या असतात. एसएसडीत फिरणारं काही नाही. एक जागा गाठायला मिलिसेकंदाचा दहावा भाग किंवा त्याहून कमी वेळ लागतो. म्हणून जुन्या प्रोसेसरवरही मशीन वेगळंच वाटतं.

अडीच इंची साटा एसएसडी घ्या. २४० किंवा २५६ जीबी अशा कामाला भरपूर. कणकवली-मालवणात मिळते, नाहीतर जत्रेला येणाऱ्या चाकरमान्याला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणायला सांगा. आम्ही तेच केलं. बसवताना दोन गोष्टी पाहा. एक, त्या काळातल्या स्वस्त बोर्डांवर साटाची काही तोंडं ६ गिगाबिटची आणि काही ३ गिगाबिटची असतात. रंग वेगळा असतो किंवा शेजारी छापलेलं असतं. वेगवान तोंडात लावा. दोन, बायोसमध्ये (सिस्टीम चालू होण्याआधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) साटा मोड 'आयडीई' असेल तर 'एएचसीआय' करा, आणि हे सिस्टीम टाकण्याआधी करा. विंडोज बसवून झाल्यावर बदललात तर ते बऱ्याचदा चालूच होत नाही.

जुन्या डिस्कवरची सिस्टीम जशीच्या तशी उतरवण्यापेक्षा कोरी टाकलेली बरी. मिंट एसएसडीवर अर्ध्या तासाच्या आत बसतं. एसएसडीला लागणारं 'ट्रिम', म्हणजे पुसलेल्या फायलींच्या जागा मोकळ्या करणं, मिंट आठवड्यातून एकदा स्वतःच करतं, विंडोजही करतं. डीफ्रॅग, म्हणजे विखुरलेल्या फायली एकत्र लावणं, करायला जाऊ नका.

मोजलं: ३८ सेकंद. मामा म्हणाला, "आता बरां."

रॅम

४ जीबीवर मिंट एक्सएफसीई चालू होऊन साधारण १ जीबी घेतं, उरलेल्यात ब्राउझरच्या पाच-सात टॅब आरामात बसतात. विंडोज ११ ला मात्र किमान अट ४ जीबी असली तरी ८ च्या खाली ते वापरण्यात अर्थ नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. वाढवायची असेल तर तुमच्या बोर्डाला डीडीआर-३ लागते की डीडीआर-४ ते आधी पाहा, त्या एकमेकींच्या जागी बसत नाहीत. लॅपटॉपची आखूड पट्टीही चालत नाही. ८ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ४-४ च्या दोन लावल्या तर बोर्डावरच्या ग्राफिक्सला दुप्पट रुंद रस्ता मिळतो. स्वॅप किती लवकर वापरायचा ते ठरवणारा 'स्वॅपिनेस'चा आकडा बदला वगैरे सल्ले सगळीकडे दिसतात. एसएसडी आणि पुरेशी रॅम असेल तर त्याने जाणवेल असा फरक मला कधी दिसला नाही.

आता सेटिंग

सगळे जिथून सुरुवात करतात, तिथे आपण आत्ता पोचलो.

चालू होतानाच उठणारे प्रोग्राम कमी करा. मिंटमध्ये 'सेशन अँड स्टार्टअप' मधल्या ऑटोस्टार्टच्या यादीत, विंडोजमध्ये टास्क मॅनेजरच्या स्टार्टअपच्या पानावर. ब्लूटूथ नसेल तर त्याचा प्रोग्राम कशाला हवा? पण नाव ओळखीचं नसेल तर हात लावू नका. ड्रायव्हर मॅनेजर एकदा उघडा. वेगळं ग्राफिक कार्ड असेल तर सुचवलेला ड्रायव्हर घ्या. अगदीच जुनं ग्राफिक्स असेल तर 'विंडो मॅनेजर ट्वीक्स' मधला कंपोझिटर बंद करून सावल्या घालवता येतात. विंडोजमध्ये 'ट्रान्सपरन्सी' आणि 'ॲनिमेशन' बंद करा.

यूट्यूबचा मुद्दा मात्र नीट समजून घ्या, कारण 'सगळं ठीक आहे, पण व्हिडिओ अडकतो' ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते. यूट्यूब बहुतेक व्हिडिओ व्हीपी-९ किंवा एव्ही-१ या स्वरूपात पाठवतं. इंटेलच्या बोर्डवरच्या ग्राफिक्समध्ये व्हीपी-९ उलगडण्याची सोय पुरतेपणी सातव्या पिढीपासून आली, एव्ही-१ ची तर अकराव्या पिढीपासून. त्याआधीच्या मशीनवर सगळा भार प्रोसेसरवर येतो. जुना एच-२६४ प्रकार मात्र चौथ्या पिढीचं ग्राफिक्स स्वतः उलगडतं. म्हणून ब्राउझरमध्ये एच-२६४ मागवणारं ॲड-ऑन टाका. 'एच-२६४-इफाय' नावाने शोधलं की सापडतं. त्यानंतर दर्जा ७२० वर ठेवा. मामाच्या मशीनवर दशावतार बघताना प्रोसेसर ९० टक्क्यांवरून ३० च्या घरात आला. जाहिराती अडवणारं ॲड-ऑन घातलं की बातम्यांच्या साईटही हलक्या होतात.

'पीसी फास्ट करा' म्हणणारे क्लीनर, रजिस्ट्री साफ करणारे, ड्रायव्हर आपोआप शोधणारे प्रोग्राम टाकू नका, त्यातले काही स्वतःच ओझं असतात. अटी चुकवून जुन्या मशीनवर विंडोज ११ बसवून देणारे बरेच भेटतील. कोअर-टू-ड्युओच्या काळातल्या मशीनवर २४-एच-२ ही आवृत्ती मुळी चालूच होत नाही, आणि जिथे चालते तिथेही पुढचे अपडेट मिळतीलच याची खात्री मायक्रोसॉफ्ट देत नाही. टॅलीसारखं विंडोजवरच चालणारं सॉफ्टवेअर रोज लागत असेल तर मिंटवर जाण्याआधीच विचार करा. प्रिंटरही आधी तपासा: काही स्वस्त लेझर प्रिंटर फक्त आपल्याच ड्रायव्हरची भाषा ऐकतात आणि लिनक्सवर फार छळतात. मिंट पेनड्राइव्हवरून न बसवता चालवून बघता येतं, तेव्हाच एक पान छापून पाहा.

वीज आणि पावसाळा

वीज जाते-येते तेव्हा लिहिता लिहिता तुटलेल्या फायली पुढच्या वेळी मशीनला तपासणीत अडकवतात. ६०० व्हीएचा साधा यूपीएस १० मिनिटं देतो, नीट बंद करायला तेवढी पुरतात. अर्थिंग खरंच आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर ते नाही. वळवाच्या आणि परतीच्या पावसात आभाळ कडकडायला लागलं की प्लगबरोबर राउटरकडून येणारी नेटवर्कची वायरही काढा. बऱ्याच जणांचा बोर्ड त्या वायरीतून जातो.

पावसाळ्यात जलक्रीडा बंद असतात, पाहुणे नसतात आणि पीसी तीन महिने झाकून ठेवला जातो. प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळू नका, आत दमट हवा कोंडते. सुती कापड टाका, आणि जमिनीवर नव्हे, फळीवर ठेवा. दर तीन-चार दिवसांनी तासभर चालू करा. मशीनच्या स्वतःच्या उबेने बोर्ड कोरडा होतो, आणि अपडेटही साचत नाहीत. त्यातूनही सप्टेंबरात पहिल्यांदाच चालू करायची वेळ आली, तर खोडरबर आणि ब्रश घेऊन बसा, साचलेले सगळे अपडेट उतरू द्या आणि त्या दिवसाचे सेकंद कॅलेंडरवर लिहू नका.